वणव्याच्या दिवसांत घर कसं सांभाळायचं: जंगलाच्या कडेला नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

दिवाळीचे कंदील उतरले की गोरेगाव पूर्वेला आमच्या समोरच्या डोंगराचा रंग बदलू लागतो. पावसात कमरेएवढं वाढलेलं गवत आधी पिवळं पडतं, मग पांढुरकं होतं. होळीपर्यंत ते इतकं कडकडीत वाळतं की त्यातून एखादं कुत्रं धावलं तरी आवाज बाल्कनीत ऐकू येतो. दिसायला हे सगळं फार सुंदर असतं, आणि जंगलाकडे तोंड असलेली खोली म्हणून इथे लोकांनी चार पैसे जास्त मोजलेले असतात. पण नव्यानं येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की वणवा ही कोकणातली, घाटावरची गोष्ट आणि मुंबईतली आग म्हणजे शॉर्ट सर्किट. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याला लागून आरे. एका अंगाला दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव आणि दुसऱ्या अंगाला ठाणे, मुलुंड, भांडुप अशी वस्ती त्याला अगदी भिडलेली आहे. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगावच्या आयटी पार्कजवळचा डोंगर पेटला आणि रात्री उशिरापर्यंत जळत होता. सरकारी हिशेबानं वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, आणि ही आग लागली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून फेब्रुवारीची वाट बघू नका. तुळशीचं लग्न आटोपलं की कामाला लागा.

घर पेटतं कसं

आगीची भिंत चालत येते आणि घर गिळते, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. बहुतेक घरं पेटतात ती उडत आलेल्या ठिणग्यांनी. वाळलेलं पान, कारवीच्या काडीचा तुकडा, सालपट जळत जळत वाऱ्यावर चढतं आणि बऱ्याच अंतरावर जाऊन पडतं. ते सिमेंटवर पडलं तर विझतं, पाचोळ्यात पडलं तर आग तिथून नव्यानं सुरू होते. अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. कॅनडात मुद्दाम पेटवलेल्या दाट जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून बघितल्या, तर तीस मीटरवरच्या भिंतींनी पेट घेतला नाही. नुसत्या धगीला घर पेटवायचं तर आग खूप जवळ यावी लागते. ठिणगीला तसं काही लागत नाही. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळालं, ८५ माणसं गेली. त्या गावाच्या नंतरच्या फोटोंत राख झालेल्या घरांशेजारी हिरवी झाडं उभी दिसतात.

हे मी स्वतः बघितलंय ते मात्र चौथ्या मजल्यावर. एका मार्चमध्ये रस्त्यापलीकडचा डोंगर पेटला होता, आमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर तरी असेल. सगळी इमारत गॅलरीत उभी राहून बघत होती. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून त्या आत वळल्या, तर त्यांच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमागून धुराची बारीक रेघ निघत होती. तिथे कबुतरानं काटक्यांचं घरटं केलं होतं आणि ठिणगी नेमकी त्यात पडली होती. दोन तांबे पाण्यात भागलं. सकाळी बघितलं तर कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीला रुपयाएवढी तीन भोकं पडली होती, आणि वितळलेल्या कडा मण्यांसारख्या कडक गोळा झाल्या होत्या. त्या वेळी घरात कोणी नसतं तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

पहिलं काम: आपलं घर कुठे आहे ते ओळखा

आग चढणीवर वेगानं पळते. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्यामुळे घराच्या खालच्या अंगाला गवताळ उतार असेल तर तुम्हाला वेळ कमी मिळणार. घर डोंगराच्या पायथ्याशी असेल तर थोडा जास्त मिळेल, पण जळती लाकडं, नारळ, खोडं गडगडत खाली येतात हे विसरू नका.

दुसरी गोष्ट वारा. दुपारनंतर मुंबईत समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा आग पूर्वेकडे, म्हणजे मुलुंड-भांडुपच्या बाजूला सरकायची शक्यता जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र जमिनीवरून कोरडे, गरम पूर्वेचे वारे येतात आणि समुद्राचा वारा उशिरापर्यंत पोचतच नाही. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, म्हणजे मे महिना यायच्या कितीतरी आधी. अशा दिवशी गोरेगाव-मालाडच्या बाजूनं जास्त जपायचं. गच्चीवर एखादं झिरमिळीत कापड बांधून ठेवा, वारा कुठून आहे ते एका नजरेत कळतं.

दुसरं काम: पहिले पाच फूट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घराच्या भिंतीपासून पाच फुटांत पेटण्यासारखं काही ठेवायचं नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हे पाच फूट म्हणजे बाल्कनी, खिडकीचं ग्रिल, सज्जा आणि एसीचं बाहेरचं युनिट. तिथे काय काय असतं ते एकदा हात घालून बघा. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, पुठ्ठ्याचे खोके, काथ्याचं पायपुसणं, वेताची खुर्ची, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, वाळलेल्या तुळशीच्या काड्या, कुंडीतलं कोकोपीट, आणि युनिटमागे कबुतरांचं घरटं. हे सगळं डिसेंबरपासून पावसापर्यंत आत घ्या किंवा काढून टाका. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा, पण रोज लक्ष ठेवा. नायलॉनच्या जाळीला पर्याय म्हणून बारीक तारेची जाळी मिळते. महाग पडते, तरी जंगलाकडच्या बाजूला तरी तीच लावा. स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या झरोक्यांनाही ३ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा, म्हणजे ठिणगी आत येत नाही.

गच्चीचा विषय वेगळा. आपल्याकडे पावसाळ्यासाठी गच्चीवर शेड उभारतात, बांबू आणि निळी ताडपत्री, आणि ऑक्टोबरमध्ये ती उतरवायची कोणाला आठवण राहत नाही. ही ताडपत्री प्लास्टिकची असते. ती पेटली की वितळून थेंब थेंब गळते आणि तो थेंबही जळतच खाली पडतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच ठराव करून घ्यायचा असेल तर हा करा: दसऱ्यापर्यंत शेड उतरलीच पाहिजे. पत्र्याची कायमची शेड असेल तर तिच्या पन्हाळीतला पाचोळा दर आठवड्याला काढा. कौलारू घर असेल तर कौलांच्या फटीत अडकलेली पानंही.

बैठी घरं, चाळी आणि पाडे

इथे पाच फूट मिळतच नाहीत, हे मला माहीत आहे. एका घराची भिंत तीच दुसऱ्याची. अशा ठिकाणी सगळ्या गल्लीनं मिळून काम केलं तरच उपयोग.

आरेतल्या पाड्यांवर अजून कुठे कुठे कारवीच्या कुडाची घरं आहेत. मातीनं आणि शेणानं नीट सारवलेला कूड लगेच पेट घेत नाही. सारवण पडून काड्या उघड्या पडल्या असतील तर तीच भिंत चुलीतल्या काटक्यांसारखी धरते. दिवाळीआधीचं सारवण आपल्या आजी-पणजी नेमानं करत, ते चुकवू नका आणि मार्चमध्ये एकदा पुन्हा हात फिरवा. सरपणाचा ढीग भिंतीला टेकून रचू नका, निदान तीस फूट लांब ठेवा. जागा नसेल तर थोडंथोडं आणा आणि ढिगावर पत्रा टाका. छपरावर पाणी गळू नये म्हणून पसरलेलं प्लास्टिक, जुने फ्लेक्स, टायर हे उन्हाळ्यात खाली उतरवा.

सिलिंडरचं मी मुद्दाम वेगळं सांगते. १३ मार्च २०२३ ला मालाड पूर्वेच्या आप्पापाड्यात वस्तीला आग लागली, एकामागून एक सिलिंडर फुटले आणि शेकडो झोपड्या जळाल्या. ती आग वस्तीतली होती, वणव्याची नव्हती. पण डोंगरावरची आग वस्तीत शिरली तर पुढे हेच होतं. घरात जादा सिलिंडर साठवू नका. रेग्युलेटर बंद करून काढायचा कसा आणि सिलिंडरला टोपी कशी बसवायची, हे घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, हातानं करून यायला हवं.

तिसरं काम: आवार आणि कुंपणापलीकडचं

पहाटे कुंपणाच्या कोपऱ्यात पाला गोळा करून पेटवायची सवय अनेक आवारांत आहे. डिसेंबर-जानेवारीत वॉचमनची शेकोटीही तिथेच पेटते. त्या माणसावर ओरडू नका. त्याला एक जाड जॅकेट आणि ब्लँकेट घेऊन द्या, आणि शेकोटी लोखंडी घमेल्यात, मोकळ्या सिमेंटवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून करायला सांगा. पाल्याचं खत करा. महापालिकेच्या हद्दीत उघड्यावर कचरा जाळायला बंदीच आहे. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसांच्या हातून लागतात: फेकलेली विडी, जाळलेला कचरा, डोंगरावरची दारूपार्टी, मध काढताना केलेला धूर, आणि ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ ही जुनी समजूत. लग्नातले रॉकेट आणि आकाशात सोडायचे कागदी कंदीलही जंगलाच्या बाजूला नकोतच. होळी आवाराच्या मधोमध, लहान आणि पाण्याचा पाइप जोडून.

नारळाच्या, ताडाच्या लोंबत्या सुक्या झावळ्या काढून घ्या. त्या जमिनीवरची आग वर शेंड्यापर्यंत नेतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या असतील तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार ती लागते. उन्हाळ्यात सगळीच झाडं तोडायचं काहींच्या मनात येतं, तसं करू नका. हिरवं, पाणी धरलेलं झाड ठिणग्या अडवतं. भीती खालच्या वाळक्या गवताची आणि कारवीची असते. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. ती अशी वाळलेली असेल त्या वर्षी जास्त सावध राहा.

कुंपणापलीकडची जागा वन खात्याची असेल तर तिथे स्वतः काही करायचं नाही. वन खातं हंगामाआधी जाळरेषा काढतं, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत देखरेखीखाली जाळून किंवा कापून मोकळं करतं. तुमच्या मागच्या बाजूला ती काढलेली दिसत नसेल तर जानेवारीतच परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. स्वतःच पट्टा पेटवायला गेलात तर आग हातातून सुटेल, शिवाय भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, दोन्हींखाली तो गुन्हा आहे.

इमारतीत होज रील आणि हायड्रंट असेल तर एका रविवारी प्रत्यक्ष चालवून बघा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. कागद फाइलमध्ये असतो आणि पाइप उंदरांनी कुरतडलेला, असं होऊ देऊ नका. गच्चीच्या टाकीला एक नळ काढून बागेचा लांब पाइप जोडून ठेवा, आणि नळाला पाणी येण्याची वेळ टळली तरी एक टाकी राखीव राहील असं बघा. आणि रात्री गेटसमोर गाड्या लावू देऊ नका. आगीचा बंब आत वळलाच नाही तर वरच्या सगळ्या तयारीचा उपयोग अर्धा.

चौथं काम: नंबर आणि पिशवी

अग्निशमन दल १०१, मुंबई महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, वन खात्याची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. हे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवा, आपल्या भागातल्या वनरक्षकाचा मोबाइल नंबर त्याखाली लिहा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगी टिपून मोबाइलवर सूचना पाठवते. नावनोंदणी मोफत आहे. उपग्रह दिवसांतून मोजक्याच वेळा वरून जातो, त्यामुळे आपल्या डोळ्यांवर आणि नाकावर भरवसा जास्त ठेवा.

पिशवीत कागदपत्रं, रोजची औषधं, चष्मा, थोडी रोख रक्कम, चार्जर, पाणी, टॉर्च, एन-९५ मास्क आणि सुती कपड्यांचा एक जोड. घरात दमेकरी, बाळंतीण किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर कोणाकडे जायचं आणि उचलायला कोण येणार, हे आत्ताच ठरवा.

धूर दिसल्यावर

आधी फोन, मग व्हिडिओ. जागा सांगताना ‘डोंगराला आग’ एवढंच म्हणू नका. जवळचा पाडा, इमारत, मंदिर, विजेचा टॉवर सांगा, आग कोणत्या दिशेला सरकतेय ते सांगा, आणि गाडी कुठवर येऊ शकते तेही.

मग घर बंद करा. खिडक्या, दारं, झरोके सगळं. पडदे खिडकीपासून बाजूला काढा, सोफा-गाद्या आत ओढा. बाल्कनीतलं उरलंसुरलं आत घ्या. जंगलाकडच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल सरकवा. एसी लावायचाच असेल तर बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद असू द्या. गॅस बंद, रेग्युलेटर काढलेला. बादल्या, पिंप, टब भरून ठेवा, मग पंप आणि नळ अग्निशमनवाल्यांसाठी मोकळे सोडा. कुत्र्याला घरात घ्या. आगीपुढे साप, रानडुक्कर, बिबट्या पळत खाली येतात. त्यांना वाट द्या, गर्दी करून घेरू नका.

धुरासाठी रुमाल बांधून भागत नाही, धुरातले बारीक कण त्यातून सहज आत जातात. एन-९५ घाला आणि लहान मुलांना, म्हाताऱ्यांना जंगलापासून दूरच्या खोलीत बसवा.

दर दहा मिनिटांनी दोघांनी मिळून गच्ची आणि मागची बाजू फिरून बघायची, हातात पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट. अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायात चामड्याचे बूट, नायलॉनचं काहीही नको, ते अंगाला चिकटतं. आवारात पडलेली ठिणगी विझवणं तुमचं काम. डोंगरावर चढून आग झोडपणं वनरक्षकांचं. त्यांच्याकडे ब्लोअर असतात, त्यांना वाटा माहीत असतात. त्यांनी मदतीला बोलावलं तर जा, त्यांच्या मागे राहा, आणि आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. ज्वाळा गुडघ्याच्या वर गेल्या की मागे फिरायचं.

निघायचं कधी? सांगितलं की लगेच, आणि कोणी सांगायची वाट न बघता, जर घर चढावर असेल, छप्पर प्लास्टिकचं किंवा गवताचं असेल, किंवा बाहेर पडायचा रस्ता एकच असेल. निघताना मेन स्विच बंद, दार ओढून घ्यायचं, लिफ्ट वापरायची नाही, शेजारच्यांचं दार वाजवायचं. डोंगराच्या उलट्या दिशेनं, रुंद रस्त्याकडे. सिलिंडर बाहेर काढायचा तर वेळ हाताशी असेल तेव्हाच, टोपी लावून, उभा, मोकळ्या जागेत. त्यासाठी कोणी परत आत जायचं नाही. सिमेंटची पक्की इमारत असेल, घर बंद असेल आणि अधिकाऱ्यांनी थांबायला सांगितलं असेल, तर आत थांबणं धुरातून जिना उतरण्यापेक्षा बरं असतं.

आग विझल्यावर

बंब गेला म्हणून झोपायला जाऊ नका. पहिले तीन-चार तास आळीपाळीनं जागं राहून गच्ची, पन्हाळी, एसीची युनिटं, सरपणाचा ढीग, गाड्यांखालचा पाचोळा बघत राहा. ठिणगी पाल्याखाली कितीतरी वेळ दबून राहते. गच्चीच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल तर ते पाणी पिण्याला वापरू नका, टाकी धुऊन घ्या. राख झाडताना मास्क घाला आणि आधी पाणी शिंपडा.

जळालेल्या उतारावर दोन-तीन दिवस मुलांना खेळायला जाऊ देऊ नका. सावरीचं किंवा सागाचं जुनं खोड बाहेरून काळं, थंड दिसतं आणि आतून मुळापर्यंत जळत असतं. पाय पडला तर खाली निखारा असतो. तिसऱ्या दिवशीही अशा एखाद्या खोडातून धूर निघताना दिसला, तर १९२६ ला पुन्हा फोन करून नेमकी जागा सांगा, आणि वनरक्षक पोचेपर्यंत गच्चीवर एक माणूस ठेवा.